भावोजींची टकटक

पटलं तर वाचा, नाही तर सोडून द्या. पण खोटं म्हणू नका.

कारण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलंय, आणि घडलं तेव्हा मी तिथेच स्क्रूड्रायव्हर घेऊन फरशीवर बसलो होतो.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं, लाइट गेलेली नव्हती. गुरुवारची भर दुपार. खिडकीतून ऊन थेट टेबलावर येत होतं आणि समोरच्या गॅलरीत कुणीतरी गादी वाळत घातली होती. असल्या गोष्टी उजेडात होत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर हे जरूर वाचावं.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. 'आपोआप चालू होतो', 'आपोआप बंद पडतो' हे मी रोज ऐकतो. आपोआप काही होत नसतं. कुठेतरी वायर सैल असते, कुठे कपॅसिटर फुगलेला असतो, आणि बऱ्याचदा प्लगच धड बसवलेला नसतो. गिऱ्हाईक 'यात भूत आहे हो' म्हणालं की मी म्हणायचो, भुताचे पैसे वेगळे पडतील.

आता नाही म्हणत.

ताईचे यजमान, म्हणजे माझे भावोजी, घरी टायपिंगची कामं करायचे. लोकांचे प्रबंध, प्रश्नपत्रिका, कोर्टाचे कागद. पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबल आणि टेबलाखाली कॉम्प्युटरचा पत्र्याचा डबा. तो मीच जोडून दिला होता, दुकान नवीन होतं तेव्हा. आता इतका जुना झाला होता की भावोजी त्याला 'म्हातारी' म्हणायचे. नवा घ्या म्हणून मी मागे लागलो की म्हणायचे, "डॉक्टर, तुझ्या ताईनंतर मला समजून घेणारी ही एकटीच आहे. तिला घराबाहेर काढू नकोस."

मला ते डॉक्टर म्हणायचे. मशीनचा डॉक्टर.

म्हातारीचं एकच दुखणं. वीज जरा कमी पडली की मान टाकायची. घरातलं वायरिंगही तिच्याच वयाचं. आत ताईने मिक्सर लावला की बाहेर कॉम्प्युटर बंद. एकदा असाच भावोजींचा अख्ख्या सकाळचा मजकूर गेला. ते ताईला एक शब्द बोलले नाहीत. नुसते मिक्सरकडे बघत उभे राहिले. ताई म्हणते, त्यापेक्षा ओरडले असते तर परवडलं असतं.

तेव्हापासून त्या घरात एक पद्धत पडली.

कॉम्प्युटर लावण्याआधी भावोजी पुढच्या खोलीतून हाक मारणार, "लावू का?"

ताई मिक्सर, इस्त्री, जे चालू असेल ते बंद करणार आणि आतून सांगणार, "हो, लावा."

मगच बटण दाबायचं. इतकी वर्षं, रोज. मी किती चेष्टा केली असेल. "भावोजी, स्वतःच्या घरात कॉम्प्युटर लावायला परवानगी काढावी लागते?" तर ते शांतपणे म्हणायचे, "लग्न कर, मग विचार."

मग त्यांचा घसा बसला, तो बसलाच.

घशात गाठ निघाली, आणि ती साधी नव्हती. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. यापुढे बोलता येणार नाही आणि श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यावा लागेल, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. आवाज जपून ठेवायचा असेल तर आत्ताच काय ते करा, असंही म्हणाले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भावोजींनी खोलीचं दार लावून घेतलं. माइकसमोर बसून बराच वेळ काहीतरी बोलले. बाहेर आले आणि ताईला म्हणाले, "तुझ्यासाठी आहे. पण मी असेपर्यंत ऐकायचं नाही. तू रडशील, आणि मग मला उद्या जाववणार नाही."

हे त्यांचं घरातलं शेवटचं मोठं वाक्य.

परत आले ते आवाजाशिवाय. गळ्यावर फडक्याची छोटी चौकोनी घडी, आणि तिच्यामागून येणारा श्वास... बारीक शिट्टीसारखा. पहिल्या दिवशी मला तो ऐकवेना. ताईला मात्र महिन्याभरात त्याची इतकी सवय झाली की ती शिट्टी ऐकू आली तरच तिला झोप लागायची.

काम त्यांनी सोडलं नाही. हाक मारता येत नव्हती. मग ते बोटाच्या पेराने टेबलाखालच्या डब्यावर वाजवायचे.

टक... टक.

आतून ताई म्हणायची, "हो, लावा."

शेवटी शेवटी तर दोन ओळी टाइप केल्या तरी धाप लागायची. शिट्टी तुटक व्हायची. ताई हातापाया पडायची, जरा पडून राहा हो. ते बोटांनी खूण करायचे... एवढं एक पान.

आणि गेले.

पुढे कित्येक महिने ताईने त्या टेबलाला हात लावला नाही. मग एक दिवस मला फोन आला.

"अरे, कॉम्प्युटर लागत नाहीये."

"कशाला लावतेयस?"

ती म्हणाली, "त्यांचा आवाज आठवत नाहीये मला. सकाळपासून आठवतेय. चेहरा येतो, आवाज येत नाही. तेवढा काढून दे रे."

मी दुकान बंद करून तसाच निघालो.

म्हातारी खरंच गेली होती. बटण दाबलं तर ना पंखा, ना दिवा. पॉवर सप्लाय उघडला तर आतले कपॅसिटर फुगून वर आलेले, एकाच्या बुडाशी तपकिरी ओघळ. म्हटलं, चला, दुखणं सापडलं. सोबत नवा पॉवर सप्लाय आणलाच होता. म्हातारीला न जोडता तो चालतो का बघायला क्लिप वाकवून त्याची हिरवी आणि काळी वायर जोडून पाहिली. त्याचा पंखा फिरला. म्हणजे तो ठीक.

म्हातारीला जोडला.

काही नाही.

समोरचं बटण खराब असेल म्हणून त्याची वायरच काढली आणि बोर्डावरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने जोडून पाहिल्या. काही नाही. रॅम काढून खोडरबराने पुसली. बोर्डावरचा छोटा सेल बदलला. काही नाही. मदरबोर्ड गेला होता.

हरकत नाही, आवाज तर डिस्कवर आहे. डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला लावली. ती फिरलीच नाही. कानाशी धरली. थंड आणि गप्प.

डिस्कही गेली होती.

हे ताईला कसं सांगायचं? ती आत माझ्यासाठी काहीतरी करत होती, मिक्सरचा आवाज येत होता. जरा वेळ मिळावा म्हणून मी सगळं होतं तसं परत बसवत राहिलो. नवा पॉवर सप्लाय पिशवीत टाकला, फुगलेला जुनाच आत ठेवला. डिस्क तिच्या जागी. बटणाची वायर तशीच लोंबत होती. मी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलो आणि वाक्यं जुळवायला लागलो.

आत मिक्सर थांबला.

आणि ताईचा आवाज आला...

"हो, लावा."

फोनवर बोलत असेल, असं मला वाटलं.

तेवढ्यात माझ्या गुडघ्यासमोर पंखा फिरायला लागला.

जुना पंखा. मेलेल्या पॉवर सप्लायचा. मग डिस्कची खरखर आणि वर टेबलावर स्क्रीन उजळला.

माझे हात अजून गुडघ्यांवरच होते.

ताई हात पुसत बाहेर आली. स्क्रीन बघून तिचा चेहरा इतका खुलला की मला तिच्याकडे बघवेना. "झाला ना? मला माहीत होतं तू करशील."

"ताई... तू लावा कुणाला म्हणालीस?"

"तुलाच की. म्हणजे तोंडातून गेलं आपलं सवयीने. तूच वाजवलंस ना... टक टक?"

मी वाजवलं नव्हतं.

मी तसं सांगितलं. ती हळूच भिंतीला धरून खाली बसली. मी उठून माउसला हात लावला... आणि सगळं बंद.

पुन्हा सगळं करून पाहिलं. पिना, रॅम, नवा सप्लाय, जुना सप्लाय. दगडाला काय करणार? जाताना ताईला म्हणालो, कुठेतरी सैल कनेक्शन असेल. ती मान हलवून हो म्हणाली. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन.

"आजही वाजवलं."

तिसऱ्या दिवशी पुन्हा. दुपारची भांडी आवरली की बाहेरून टक टक. ती 'हो, लावा' म्हणते आणि म्हातारी उठते. ती कशालाच हात लावत नाही. बंद पडेल म्हणून. नुसती खुर्चीशेजारी खाली बसून राहते. जेवणही आता तिथेच.

ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर कामाला आहे. तिथे तिने रजा टाकली होती.

"बरं वाटतं रे," ती म्हणाली. "घरात आहेत असं वाटतं."

इतक्या महिन्यांत मी तिला असं आनंदात ऐकलं नव्हतं. आणि खरं सांगतो, मला टकटकीपेक्षा त्या आनंदाची जास्त भीती वाटली.

मी ठरवलं, आवाज काढून घ्यायचा, तिच्या हातात द्यायचा आणि म्हातारीला त्या घरातून हलवायचं. पेनड्राइव्ह घेऊन गेलो.

तोच हा गुरुवार.

या वेळी मी ताईला आत जाऊ दिलं नाही. माझ्याजवळच बसवलं. आम्ही दोघं फरशीवर, समोर उघडा डबा, शेजारी रिकामी खुर्ची. तिच्यावर भावोजींची उशी, मधे दबलेली.

आणि मी ते ऐकलं.

टक... टक.

पत्र्यावर. माझ्यापासून हातभर अंतरावर. तिथे कुणाचा हात नव्हता... ऊन होतं नुसतं.

ताईने डोळे मिटले. "हो, लावा," ती म्हणाली. इतक्या मायेने मी तिला कधी कुणाशी बोलताना ऐकलं नाही.

पंखा फिरला.

म्हटलं, आधी काम. पेनड्राइव्ह लावला. या वेळी म्हातारीने मान टाकली नाही. शोधायलाही लागलं नाही, स्क्रीनवर समोरच होती. ताईच्या नावाची फाइल. मोठी होती. कॉपीला लावली. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली.

तेव्हा शिट्टी ऐकू आली.

बारीक. आत... बाहेर. आत... बाहेर.

मी स्वतःला सांगितलं, पंख्याचं बेअरिंग. जुनं बेअरिंग कोरडं पडलं की अशीच शिट्टी वाजते. रोज ऐकतो मी. खात्री करायची सोपी रीत आहे. पंख्याच्या मधोमध बोट टेकवायचं, की तो थांबतो आणि आवाजही थांबतो.

बोट टेकवलं. पंखा थांबला.

शिट्टी चालू होती.

ती डब्यातून येतच नव्हती. जरा वरून येत होती... खुर्चीत बसलेल्या माणसाचा गळा जिथे येईल, तिथून.

मी ताईकडे बघितलं. तिने ती केव्हाच ओळखली होती. खुर्चीच्या हाताला गाल टेकवून ती ऐकत होती.

पट्टी अर्ध्यावर आली. शिट्टी जरा जोरात झाली.

पट्टी आणखी सरकली. शिट्टी तुटायला लागली. आत... आत... बाहेर. मग काहीच नाही. मग एकदम ओढल्यासारखी. आम्हा दोघांनाही तो आवाज पाठ होता. शेवटच्या दिवसांतला. हॉस्पिटलचा.

ताईने गाल उचलला.

"बंद कर," ती म्हणाली.

"ताई, थोडंच राहिलंय."

"बंद कर."

"अगं, त्यांचा आवाज आहे तो. पुन्हा मिळणार नाही. डिस्क मेलेली आहे, कशी चालतेय मलाच कळत नाही. जरा थांब."

"त्यांना धाप लागलीय, तुला ऐकू येत नाही का?" ती खुर्चीकडे वळली. "मी हो म्हणते म्हणून येतायत ते. मी रोज हो म्हणतेय. आठवडाभर बसवून ठेवलंय रे मी त्यांना इथे."

शिट्टी पुन्हा अडकली. या वेळी फार वेळ...

मग मलाही ऐकवेना. म्हटलं, जाऊ दे, गेला आवाज तर गेला. उठलो आणि भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

बटण बंद होतं.

मला आठवलं. रॅम बसवताना शॉक नको म्हणून ते मागच्या वेळी मीच बंद केलं होतं. जाताना चालू करायचं राहून गेलं होतं. ताईला त्याला हात लावायचं कारणच नव्हतं. आठवडाभर ते बंदच होतं. मी वाकून खाली पाहिलं, प्लग नुसता टेकलेला होता. तो ओढून काढला. पंखा फिरत राहिला. स्क्रीन तसाच. पट्टी सरकत होती.

मशीन बंद करायच्या सगळ्या रीती मला येतात. त्यातली एकही तिथे चालणार नव्हती.

"ताई," मी म्हणालो, "हे माझ्याने बंद होणार नाही."

तिला कळलं. माझ्या आधी कळलं असावं.

ती खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली. दबलेल्या उशीच्या दोन्ही बाजूंना हात ठेवले. उन्हात तिच्या हातांवरच्या शिरा दिसत होत्या. स्क्रीनवर तिचं नाव होतं, आणि पट्टीचं शेवटचं बोटभर राहिलं होतं. तिने एकदा तिकडे बघितलं. मी सांगतो, तहानलेल्याने पाण्याकडे बघावं तसं बघितलं.

मग तोंड वळवलं.

"अहो," ती म्हणाली. "नका लावू आता. झालं काम. सगळं झालं."

शिट्टी अडखळत होती.

"मी नाही विचारणार कसलं पान, काय राहिलं. माझं मी बघेन. जेवेन, कामावर जाईन. तुम्ही पडा जरा." तिचा आवाज फुटला. "पडा हो. मी हो म्हणणार नाही आता. कितीही वाजवलंत तरी म्हणणार नाही."

एक लांब श्वास आला. ओढलेला नाही. सैल, थकलेला. ऑपरेशनच्या आधी ते खुर्चीतून उठताना सोडायचे तसा.

पंखा हळूहळू थांबला. स्क्रीन काळा झाला. उशी... मी डोळ्यांनी पाहिलं... मधून हळूच वर आली.

ताई त्या उशीत तोंड खुपसून जी रडली, तसं ती ते गेले त्या दिवशीही रडली नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो. मीही रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

त्यानंतर त्या घरात काहीच वाजलेलं नाही. म्हातारीला मी दुकानात आणली. पूर्ण उघडून पाहिली. बोर्ड जळलेला आहे. डिस्कची मोटर जाम आहे. अशी मोटर फिरू शकत नाही. हे मी धंद्याची शपथ घेऊन सांगू शकतो, आणि ती फिरताना मी बघितली आहे.

ताई कामावर जायला लागली. जेवते. आधीपेक्षा बरी आहे, असं सगळे म्हणतात.

राहिला तो पेनड्राइव्ह.

त्यात फाइल आहे. नाव तेच, ताईचं. अर्धवट आलीय की शेवटच्या क्षणी पूर्ण झाली, ते लावल्याशिवाय कळणार नाही. मी लावलेली नाही. ताईला नेऊन दिला आणि काय ते खरं सांगितलं. तिने तो हातात घेतला, बराच वेळ मुठीत धरला आणि कपाटात त्यांच्या शर्टांमध्ये ठेवला.

मागच्या रविवारी मी तिच्याकडे जेवायला होतो. जेवण झालं, ताटं उचलली. मी निघायला लागलो तेव्हा ती दारापर्यंत आली. मी चप्पल घातली. मग तिने खाली बघत विचारलं,

"तो आवाज लावला... तर त्यांना परत श्वास घ्यावा लागेल का रे?"

मी जिना उतरून खाली आलो, तरी ती दारातच उभी होती.